लाल म्हणजे तळ

६ एप्रिल

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस हे कळतं, कारण निळ्या खुणा येतात आणि त्यापुढे काही येत नाही. म्हणून कागद घेतला. कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर तुझ्या कारकुनाने आवक क्रमांक टाकून 'संकीर्ण'मध्ये लावलं असतं, म्हणून वहिनीच्या हाती देते आहे. तिला म्हटलं, उघडू नकोस. ती म्हणाली, "उघडायची गरजच काय? तुझा आवाज बाहेर ऐकू येतोय."

तुझा अहवाल वाचला. पान अकरा तीनदा वाचलं. "नमुना क्रमांक तीनमध्ये फॉस्फरस व जिवाणूंचे प्रमाण सर्वांत खालच्या थरात अधिक आढळले असून वरचे थर तुलनेने स्वच्छ आहेत. सबब सदर प्रदूषण धरण भरण्यापूर्वीचे आहे. दूधभुकटी कारखान्याच्या नाल्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही." खाली तुझी लफ्फेदार सही.

सबब! हा शब्द तू घरात कधी वापरलास का रे?

तो नमुना मी काढला आहे. नाल्याच्या तोंडापासून साठ पावलांवर, चौदा मीटर पाण्याखालून, हाताएवढ्या जाडीची नळी गाळात रोवून. नळी वर आली तेव्हा वरचा वीतभर गाळ काळाकुट्ट होता, सैल, आणि सडक्या अंड्यांचा असा भपका आला की नावाड्याने तोंड फिरवलं. त्याखाली राखाडी. अगदी तळाला पिवळट माती. हे मी या डोळ्यांनी पाहिलं. आणि तुझ्या अहवालात काळं खाली आणि पिवळं वर! अख्खा तलाव उताणा केलास.

तू इंजिनिअर आहेस, पाण्याची उंची तुला कळते, गाळ कळत नाही. म्हणून पुन्हा सांगते. गाळ म्हणजे रोजनिशी आहे. रोज एक पातळ थर बसतो, आजचा कालच्यावर. तळाशी जुनं, वर नवं. कारखान्याच्या धुण्याचं पाणी येतं, त्यातल्या फॉस्फरसवर पाणी हिरवं होतं. ते हिरवं मरून खाली बसतं. ते खायला गाळातले जिवाणू तुटून पडतात आणि तळाचा सगळा प्राणवायू संपवतात. तो संपला की दुसऱ्यांचं राज्य येतं. त्यांना हवा लागत नाही, ते गंधकावर जगतात आणि तो घाण वास सोडतात. गाळातल्या लोखंडाने धरून ठेवलेला जुना फॉस्फरसही मग सुटतो आणि परत वर जातो. पुन्हा हिरवं. म्हणजे नाला उद्या बंद केला तरी हे चाक काही वर्षं फिरणार. आणि तू दुसरा नाला जोडायला निघाला आहेस.

अठ्ठावीस तारखेच्या बैठकीत तुझ्या पान अकराच्या जोरावर त्या दुसऱ्या नाल्याला मंजुरी मिळणार, हे शाळेच्या शिपायालाही माहीत आहे. ते पाणी अख्खं गाव पितं. आई पिते.

तक्ता आमच्या प्रयोगशाळेतून मी नीट तपासून पाठवला होता. तो तुझ्या कार्यालयात उलटा झाला. कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून केला, ते मला लेखी हवं आहे.

गेल्या वर्षी भर सभेत तू म्हणालास, "आमच्या भगिनी घरचा राग इथे काढतात." लोक हसले. मी तेव्हा गप्प बसले. आता बसणार नाही.

तुझी बहीण


११ एप्रिल

दादा,

माझंच पाकीट उलटं करून त्यावर एक ओळ लिहून पाठवलीस: "तक्ता काढून बघ. सही कुणाची आहे?" कागदसुद्धा नवा घेतला नाहीस.

सही माझी आहे. मग? तुझ्या कार्यालयातल्या झेरॉक्स यंत्रातून काय काय बाहेर पडतं ते मला माहीत आहे.

आई विचारत होती तुझा फोन आला का. म्हटलं, पत्र आलं. खूश झाली. "काय म्हणतो?" "कामाचं म्हणतो." ती म्हणाली, "लहानपणी तुम्हाला एका बादलीत आंघोळ घातली, तेव्हाही हा 'बेडकी, बेडकी' म्हणत पाणी उडवायचा आणि तू बोंब मारायचीस." मग स्वतःच म्हणाली, "कधी कधी उलटंही असायचं."

तिचा डोळा आता चांगला आहे. ऑपरेशननंतर महिनाभर मी रजेवर होते हे तुला माहीतच असेल. तू एकदा येऊन गेलास, मी औषधं आणायला गेले असताना. बरोबर वेळ साधलीस.

मुद्द्याचं लिहिते. एक साधा प्रश्न विचार स्वतःला. कारखाना सहा वर्षांपूर्वीचा. धरण बावन्न वर्षांचं. धरणापूर्वी तिथे गवताचं कुरण होतं, बाबा सांगायचे. कुरणात फॉस्फरस कुठून आला? गाईंनी दूधभुकटी खाल्ली होती का?

हे विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. बाबा चौथी शिकलेले, पण पंपघराच्या दारातून वास घेऊन सांगायचे की आज पाणी कुठल्या थरातून येतंय. तू त्यांचाच मुलगा आहेस. नाक तरी घेऊन तलावावर ये.

बैठकीला सतरा दिवस आहेत. वाट बघते.

बहीण


१७ एप्रिल

दादा,

हे पत्र बसून वाच.

काल नळ दुरुस्त करणारा आला होता. गच्चीवरच्या टाकीतून पाणी ठिबकतं. तो शिडीवर चढला, मी खाली पाना धरून उभी, आणि आई खुर्चीत बसून सूचना देत होती, नेहमीप्रमाणे. त्याने व्हॉल्व्हला हात घातला तशी आई ओरडली, "अहो, लालला हात लावू नका! लाल म्हणजे तळ! सगळा गाळ खाली येईल!"

तो बिचारा दचकला. "काकू, लाल म्हणजे गरम पाणी असतं."

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे यांनी रंगवलंय."

माझ्या हातातला पाना पडला.

तुला आठवत असेलच. पंपघरातली बाबांची तीन चाकं. निळं वरच्या थराचं, पिवळं मधल्याचं आणि लाल तळाचं, गाळ धुवून काढायचं. आपल्याला अक्षरं यायच्या आधी त्यांनी ते पाठ करून घेतलं होतं. "लाल म्हणजे?" "तळ!" "हात लावायचा?" "नाही!" घरची टाकी, अंगणातला हौद, सगळीकडे त्यांनी तोच रंग फासला. 

आमच्या प्रयोगशाळेत गाळाच्या नळीला दोन झाकणं लागतात. लाल वरच्या टोकाला, काळं खालच्या. वीस वर्षं मी हेच करते आहे आणि नव्या मुलींना शिकवते आहे.

पाना उचलला, नळवाल्याच्या हातात दिला आणि तशीच प्रयोगशाळेत गेले. प्रत्येक नळीचा गाळ आम्ही उभा चिरतो. अर्धा तपासणीला जातो, अर्धा नळीतच झाकणांसकट गोठवून ठेवतो. तीन नंबरची नळी बाहेर काढली, टेबलावर आडवी ठेवली आणि बर्फ सुटायची वाट बघितली. लाल झाकणाखाली पिवळी माती होती. त्या मातीत गवताची मुळं होती, दादा. केसासारखी, तपकिरी, नीट दिसणारी. चौदा मीटर अंधाऱ्या पाण्याखाली गवत उगवत नाही. ते बावन्न वर्षांपूर्वीचं कुरण होतं आणि मी त्याच्या डोक्यावर लाल झाकण लावलं होतं.

काळं झाकण काढल्यावर वास आला. सांगायला नको कसला.

तो दिवस आठवला. पहिल्या दोन नळ्या बरोबर लावल्या, त्याही तपासल्या मी. तिसरीच्या वेळी तू काठावर उभा होतास. तुझी पांढरी टोपी, शेजारी कारखान्याचा मॅनेजर, आणि दोघं कशावर तरी हसत होतात. सभेतल्या त्या वाक्याला आठच दिवस झाले होते. मला वाटलं माझ्यावरच हसताय. तुझ्याकडे बघत बघत मी झाकणं लावली. डोळे तुझ्यावर आणि हात बाबांचे. लाल म्हणजे तळ.

पुढचं आणखी वाईट आहे. सहाव्या तारखेला मी लिहिलं की तक्ता तपासून पाठवला. खोटं लिहिलं. आईच्या ऑपरेशनसाठी रजेवर जाताना मी कोऱ्या फॉर्मवर सही करून गेले होते. आमच्या नव्या सहायकाने लाल झाकणापासून मोजत दोन-दोन सेंटीमीटरच्या चकत्या कापल्या, जसं मीच त्याला शिकवलं तसं. आकडे भरले आणि पाठवून दिलं. शेऱ्याच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय: "शून्य ते दोन सें.मी. - गवताची मुळे." मी ते आज वाचलं. 

आणि तू? तू कधी वाचलंस? तक्ता तुझ्या टेबलावर चार महिने होता. "वरच्या थरात गवताची मुळे" हे वाचून ज्याला प्रश्न पडत नाही त्याने तलावाचं काय पण बादलीचंसुद्धा काम बघू नये. माझी चूक आहे. ती माझ्याकडे आहे, मी ती कुणाच्या गळ्यात घालत नाही. पण तुला हवं तेच त्या चुकीत दिसलं, म्हणून तू पुढे बघितलं नाहीस. काठावर हसणाऱ्याला उलटा तलाव सोयीचा होता.

दुरुस्तीचा तक्ता आणि माझ्या चुकीचा कबुलीजबाब सोबत जोडला आहे. बैठकीच्या कागदांत लाव. 

बहीण


२१ एप्रिल

दादा,

वहिनी येऊन गेली. तुझा निरोप तिने शब्दशः सांगितला, कारण तिला मध्ये पडायचं नाही म्हणे, आणि मग दोन तास मध्ये पडून बसली.

तुझा निरोप असा: "तिला सांग, गप्प बस. नमुना तीन तांत्रिक कारणास्तव गाळून टाकतो. तिच्या चुकीचं नाव निघणार नाही. नोकरीची वर्षं राहिलीत, डोकं शांत ठेव."

नमुना गाळून टाकतोस? गाळच गाळतोस? आपल्याला शाळेत 'गाळलेल्या जागा भरा' असायचं, तुला पैकीच्या पैकी मिळायचे. आता जागा गाळण्यातही पहिला नंबर काढणार आहेस!

हिशेब सरळ आहे. तीन नंबर गेला की उरतात एक आणि दोन. एक धरणाच्या भिंतीपाशी, दोन तलावाच्या मध्यावर. दोन्ही नाल्यापासून लांब. त्यांत काळा थर आहे, पण बोटभरच. तुझं पान अकरा मग म्हणेल, "पुरेसा पुरावा उपलब्ध नाही." माझी चूक झाकली जाईल आणि त्याच पांघरुणाखाली नाला झाकला जाईल. 

हे वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "तो तुला वाचवायला बघतोय गं. चार दिवस नीट जेवला नाही." मला एक क्षण वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या क्षणी आणखी संताप आला. तू मला वाचवतोस तेव्हा माझ्यापेक्षा तुझ्या सहीला जास्त वाचवतोस, आणि वर उपकार माझ्या डोक्यावर.

भीती मलाही वाटते. मी उभी राहिले की पहिला प्रश्न येणार: एक नळी उलटी, तर बाकीच्या कशावरून सुलट्या? वीस वर्षांचं काम एका झाकणाने रद्दीत जाईल. आमच्या प्रमुखांनी आजच सांगितलं, "बाई, कबुली दिलीत तर चौकशी लागेल, मी काही करू शकणार नाही." ते काही करू शकतात असं मला कधी वाटलंही नव्हतं.

तरी मी बोलणार आहे. कारण त्या गाळात जे राहतात त्यांना तांत्रिक कारण कळत नाही. एका चमचाभर काळ्या गाळात अब्जावधी जीव, आपापलं काम करताहेत, जे मिळेल ते खाऊन. त्यांनी काही लपवलेलं नाही. खोटेपणा केला तो वर राहणाऱ्या दोघांनी, आणि दोघं एकाच घरातली.

तू त्या बैठकीत असशील. मला अडवायचं असेल तर सभेत अडव, वहिनीकरवी नको. तिने येताना आईसाठी तुझा जुना स्वेटर आणला. आईने तो लगेच घातला. उन्हाळ्यात.

बहीण


२९ एप्रिल

दादा,

काल तू बैठकीतून मागच्या दाराने गेलास, म्हणून पुन्हा कागद.

मी कबुली वाचली तेव्हा तू पेन्सिलीला टोक करत होतास. मी मुद्दाम सावकाश वाचलं. कुठली नळी, कुठलं झाकण, कोऱ्या फॉर्मवरची सही, सगळं. चष्मा खाली ठेवून तो गलेलठ्ठ सदस्य म्हणाला, "म्हणजे बाई, तुम्हाला वर-खाली कळत नाही आणि तुम्ही आम्हाला जंतू शिकवता?" पुन्हा सगळे हसले. कारखान्याचा मॅनेजर सगळ्यांत जास्त. माझे कान तापले. गेल्या वर्षी याच खोलीत तापले होते तसे.

मग मी पुन्हा गोठवलेली ती तीन नंबरची नळी डब्यातून काढून टेबलावर ठेवली. तेवढ्या वेळात तिचा बर्फ सुटला होता. काळं झाकण काढलं. मला बोलावं लागलं नाही. पंखा चालू होता, त्याने सगळ्या खोलीला सांगितलं. मॅनेजरने रुमाल काढला. मी म्हटलं, "साहेब, रुमाल कशाला, तुमच्याच घरचं आहे."

त्यावर अध्यक्षांनी तुला विचारलं, "शेऱ्यात गवताची मुळं लिहिली होती. तुम्ही तक्ता वाचला नव्हता का?"

माझी खात्री होती की तू म्हणणार, प्रयोगशाळेवर विश्वास ठेवला. तेवढं म्हटलं असतंस तर सुटला असतास. सगळं खापर तयारच होतं आणि माझं डोकंही. तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि म्हणालास, "वाचला नव्हता. सही केली होती." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "वाचला असता तर कळलं असतं. आमचे वडील पंपघरात होते."

खोलीत त्याचा अर्थ फक्त मला कळला.

दुसऱ्या नाल्याची मंजुरी थांबली आहे. रद्द नाही, थांबली. सहा आठवड्यांत नाल्याच्या तोंडाशी नव्याने पाच नळ्या काढायच्या, दोन्ही खात्यांच्या समोर. माझी चौकशी लागली. तुझीही लागली असं वहिनीने सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं, एका बादलीत." तिला चौकशी म्हणजे काय ते नीट माहीत नाही, किंवा फार नीट माहीत आहे.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. एका खऱ्या वाक्याने चार महिने धुवून निघत नाहीत आणि पहिला नाला अजून वाहतोच आहे. आज सकाळीही वाहत होता, मी जाऊन पाहिलं. त्या नाल्याच्या परवानगीवर कुणाची सही आहे ते मी विसरलेले नाही. पुढच्या बैठकीत तेही विचारणार आहे. तयारीत ये.

पाच मेला सकाळी सातला नाव निघेल. तुझ्या खात्याचा माणूस लागतो. कारकुनाला पाठवू नकोस, तो पाण्याला घाबरतो. तू ये. काठावर उभा राहू नकोस, नावेत बस.

झाकणं मी या वेळी सगळी पांढरी घेतली आहेत. नळी बाहेर आली की वरच्या टोकाला पक्क्या शाईने 'वर' लिहायचं. माझे दोन्ही हात नळी धरण्यात गुंतलेले असतात. तुझं अक्षर चांगलं आहे. तू लिही, आणि लिहिण्याआधी वास घे.

बेडकी